साठवणे सरांच्या गाद्या

साठवणे सर गेल्याचा फोन खापरखेड्याला आमच्या शाळेच्या ऑफिसात आला, तेव्हा मी नववीच्या वर्गावर होतो. हेडमास्तर स्वतः दारापर्यंत आले. ‘‘तुमचे नागपूरचे सर...’’ एवढंच म्हणाले. मिळेल ती बस पकडून पोचलो, तोवर सरांना नेलं होतं. अंगणाच्या भिंतीवर गाद्या वाळत होत्या. सकाळी सरांनीच घातलेल्या. माणसं येत-जात होती, पण त्या आत घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी त्या एकेक करून आत नेल्या. दुसरं काय करावं ते कळतच नव्हतं...

सरांबद्दल लिहायचं तर मला या गाद्यांपासूनच लिहावं लागेल.

मी काटोलकडचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. सरांनी मला भूगोल शिकवला, आणि विद्यापीठाच्या विद्वत् सभेवर विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी घेऊ लागले तेव्हा निवडणुकीला उभंही केलं. मी घाबरलो तर म्हणाले, ‘‘बोलता नाही आलं तरी चालेल. हात वर करता येतो ना?’’ सर स्वतः प्राध्यापकांकडून निवडून आलेले सभासद होते. त्यांच्या समितीची एक साधी शिफारस होती : एका विषयात नापास झालेल्या मुलानं पुढच्या वेळी तेवढाच विषय द्यावा. तेव्हा सगळे पेपर पुन्हा द्यावे लागत. माझ्या खोलीवर राहणारा नामदेव इंग्रजीत गेला होता. पुन्हा बसला तर इंग्रजी सुटलं आणि आधी सुटलेलं अर्थशास्त्र गेलं. घरी शेती, वडील थकलेले, ते म्हणत आता पुरे. त्यामुळे मी बैठकीहून परतलो की नामदेव दारातच विचारायचा, ‘‘निघाला का गा आपला विषय?’’

‘‘नाही निघाला.’’

‘‘काहून?’’

काहून, ते सांगायची मला लाज वाटे. शिफारशीला विरोध कुणाचाच नव्हता. पण समित्यांचे अहवाल कामकाजात शेवटी येत, आणि चहा झाला की बाहेरगावचे सभासद घड्याळाकडे पाहू लागत. कुणाची गोंदियाची गाडी, कुणाची चंद्रपूरची. नामदेवसारखी मुलं जास्त करून त्यांच्याच कॉलेजांत होती आणि तेच उठून जात. मागं उरलेल्यांनी कोरम भरत नसे, मग विषय पुढल्या बैठकीवर. सर दारात आडवे उभे राहून विनवत, ‘‘थांबा ना गा, आपल्याच पोरांचा विषय आहे.’’ गोंदियाचे एक प्राचार्य एकदा हसत म्हणाले, ‘‘साठवणे, तुमचं काय, सायकल मारली की घर. आमची पॅसेंजर चुकली तर फलाटावर निजू काय?’’

दुसऱ्या दिवशी सर इतवारीच्या बाजारात गेले आणि हातगाडीवर नव्या गाद्या घालून घरी आले. सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, म्हणाल्या, ‘‘मीटिंग विद्यापीठाची अन् बिछाने माझ्या घरी?’’ पण बैठकीच्या दिवशी पिठलं-भाकरी त्यांनीच केली. त्या वेळी सगळे थांबले. शिफारस मंजूर झाली. मी हात इतका उंच केला की शेजारचे प्राध्यापक हसले. नामदेवनं त्या आनंदात खोलीतल्या सगळ्यांना चहा पाजला.

मंजूर झालेली शिफारस वरच्या परिषदेकडे गेली आणि तिथून फेरविचारासाठी परत आली. पुन्हा सभेपुढं, पुन्हा शेवटी. सर पुन्हा दारात उभे राहिले. या वेळी लोक म्हणाले, ‘‘मागं थांबलो होतो की, सर. मंजूर केलं ना तुमचं?’’ त्यांचंही चूक नव्हतं... सरांनी वाट दिली.

नामदेव त्याच उन्हाळ्यात कॉलेज सोडून गावी गेला. ट्रंक बसच्या टपावर चढवताना मला म्हणाला, ‘‘सरले लगेच नको सांगू. त्यायले वाईट वाटन.’’ मी सांगितलं. सर म्हणाले, ‘‘पुढल्या बैठकीला घेऊ.’’

पुढं त्यांची मुदत संपली, ते निवृत्तही झाले. गेल्या हिवाळ्यात भेटायला गेलो तर भिंतीवर गाद्या होत्या. विद्यापीठाची बैठक उद्यावर आली की ते त्या उन्हात घालत, हे मला माहीत होतं. तरी मी विचारलं, ‘‘सर, आता तुम्ही सभेवर कुठं आहात?’’

‘‘नाही ना,’’ ते काठीनं गादी झोडपत म्हणाले, ‘‘पण एखाद्याची गाडी चुकली तर?’’

कुणाचीच चुकत नसे. विषय अजूनही कुठल्या तरी बैठकीवर आहे. दर निकालाला माझा एखादा जुना विद्यार्थी एक विषय राहिला म्हणून माझ्याकडे येतो.

तेराव्याला गोंदियाचे ते प्राचार्य आले होते. खूप वाकले आहेत आता. जेवणं झाली, लोक पांगले, काकू मला म्हणाल्या, ‘‘सुधाकर, या गाद्यांचं मी आता काय करू रे?’’ प्राचार्य भिंतीशी रचलेल्या गाद्यांकडे पाहत बसले होते. त्यांच्या मुलानं घड्याळ दाखवून म्हटलं, ‘‘बाबा, गाडी.’’

‘‘जाऊ दे तिले,’’ ते म्हणाले, आणि वरची गादी खाली ओढायला उठले. त्यांना ती एकट्यानं निघेना. मी दुसरं टोक धरलं.