अक्काचं तोंड आणि माझे मेमो

सरकारी डॉक्टरची बदली झाली की सामान कमी होत जातं, पण किस्से वाढत जातात. माझ्याकडचे निम्मे एरंडोलजवळच्या आरोग्य केंद्रातले. तिथे मी डॉक्टर होते आणि कमलअक्का नर्स. आम्हा दोघींपायी मला जेवढे मेमो आले, तेवढे जिल्ह्यात कुणाला आले नसतील.

*

मार्च महिना. कुटुंबनियोजनाचं टार्गेट अपुरं. जिल्ह्याचे साहेब स्वतः कॅम्पात हजर. टेबलाजवळ एक तरुण बाई उभी होती, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिची सासू देत होती.

अक्काने सासूला बाहेर बसवलं. "तुले इचारस मी, बाई. तुनी मर्जी शे का?"

बाईने मान हलवली. नाही.

"मग घर जाय."

साहेब तापले. "सिस्टर, टार्गेट कोण पुरं करणार?"

"साहेब, नसबंदी पुरुषांचीही होते. टेबल रिकामंच आहे."

साहेब जेवायला थांबले नाहीत.

*

वादळात लाइट गेली ती दोन दिवस आलीच नाही. फ्रिजमधली पोलिओची लस गरम झाली, मी ती फेकून दिली. दुसऱ्या दिवशी पुढारी लसीकरणाच्या उद्घाटनाला आले. सोबत फोटोग्राफर. मी माइकवर सांगून टाकलं, "लस खराब झाली आहे. नवी आली की निरोप देते."

पुढारी कानाशी आले. "दोन थेंब पाण्याचे टाका ना. फोटोपुरते."

"फोटो काढा की," अक्का म्हणाली, "पण पोरांची तोंडं मिटलेली येतील."

*

एका पावसाळ्यात गावात गॅस्ट्रो पसरला. मुंबईत अधिवेशन चालू होतं. साहेबांचा फोन आला. "साथ हा शब्द वापरू नका."

"मग काय म्हणू?"

"तुरळक पेशंट म्हणा."

तेवढ्यात अक्का सलाइनची बाटली हातात घेऊन दारात आली. "मॅडम, व्हरांडा भरला. शाळा उघडायला सांगा."

मी रिसीव्हर तिच्याकडे धरला. "हेच साहेबांना सांग."

तिने सांगितलं. शाळा उघडली. मेमो नेहमीप्रमाणे मला आला.

*

एड्सचं नाव नुकतंच गावोगाव पोचलं होतं तेव्हाची गोष्ट. गावातली पाच वजनदार माणसं केंद्रात आली. पुढे आबा.

"डॉक्टरबाई, गावमा तो रोग उना शे म्हंतस. कोणले शे, तेवढं नाव सांगा."

"पेशंटचं नाव मी सांगत नाही, आबा."

"आमी गावना भलासाठेच इचारतस." आबांनी खुर्ची ओढली. "नाव कळावाशिवाय उठाव नहीत."

त्यांना नाव कळलं असतं, तर त्या माणसाच्या घराला पाणीही मिळालं नसतं.

अक्का गाळणीतून चहा ओतत होती. ती शांतपणे म्हणाली, "सांगू या, मॅडम. कोण कोण कशासाठी इथे येऊन गेलं, सगळ्यांचंच सांगू. आबांपासून सुरू करू."

चहा कुणीच घेतला नाही. पाचही जण उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा एकटे आले. टोपी हातात.

"बाई, अक्काने खरंच सांगं असतं का मनं?"

"तुमचं काय?" मी म्हटलं. "तुम्ही इथे कधी आला होतात, आबा?"