सुट्टीच्या दिवसाची गोळी

मनोहरभाऊ गेले हे मला व्याघ्रप्रकल्पाच्या मोहर्ली गेटवर कळलं. सकाळच्या पाळीच्या गाईडांची नावं वाचणं चाललं होतं. त्यांच्या नावाशी वाचणारा अडखळला, म्हणाला, "भाऊ गेले... आताच चंद्रपूरहून फोन आला." समोर पर्यटक ताटकळलेले. मी जिप्सीत चढले, वाघ दाखवला आणि परत आल्यावर रडले.

मला गाईड त्यांनीच केलं. "बाईमाणूस जंगलात काय दाखवणार?" असं कोणी म्हटलं की भाऊ खेकसायचे, "हिले वानर खोकललं तरी वाघ कुठं आहे समजते!" माणूस तिरसट, पण शिकवताना हात कधी आखडता घेतला नाही.

रक्तदाबाची गोळी आम्हा दोघांनाही होती. ती घेतली की घडीघडी लघवीला लागायचं, आणि जंगलात गाडीतून उतरायला बंदी. वाटेत चौकी आहे, तिथं उतरता येतं. पण वाघासाठी आसुसलेल्या पर्यटकांना "थांबा" म्हणायची लाज वाटायची. म्हणून भाऊ गोळी फक्त सफारी बंद असेल त्या दिवशी घ्यायचे. मी टोकलं तर म्हणाले, "रोज काऊन घेऊ वो बाई? वाघासमोर उतरू का?" मी हसले. मी तरी दुसरं काय करत होते!

उन्हाळ्यात त्यांचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी यायची. "ऊन लागून राह्यलं, दुसरं काई नाई," म्हणायचे. मग एका सकाळी, वीस वर्षं पायाखालच्या फाट्यावर त्यांनी ड्रायव्हरला भलतीकडेच वळायला सांगितलं. आम्ही चिडवलं, "भाऊ म्हातारे झाले!" जंगलातला एकेक इशारा ओळखणारे आम्ही, शेजारच्या माणसाचा नाही ओळखला. दोन दिवसांनी त्यांची जीभ अडखळायला लागली, झटके आले, तेव्हा चंद्रपूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दाब इतका चढला की मेंदूला सूज आली, मग नस फुटली. वाट चुकले त्याच दिवशी त्यांना आणायला हवं होतं, असंही म्हणाले.

गाईडांच्या खोलीत खुंटीला त्यांचा खाकी शर्ट अजून आहे. खिशात गोळ्यांची पट्टी सापडली, दोनच जागा फुटलेल्या. ती मी तिथंच ठेवली. रोज त्या शर्टासमोर उभी राहून मी माझी गोळी घेते, ज्यांना ज्यांना आहे त्यांनाही घ्यायला लावते. कुरकुरले तरी सोडत नाही.

काल चौकी जवळ आली आणि पुढून सांबराचा इशारा ऐकू आला. मागचे साहेब उठूनच उभे राहिले. "मॅडम, आता थांबू नका, वाघ जाईल!"

"जाऊ द्या," मी म्हटलं, आणि ड्रायव्हरला सांगितलं, "चौकीवर घे गाडी. मले उतराचं आहे."