बर्फात चालू राहिलेली गाडी

कुडपणच्या नाथूला गाडी बंद करायचा आळस आहे, असं मी चारचौघांत म्हणायचो. पोलादपूरला माझ्या गॅरेजसमोर जीप लावून तो चहाला जायचा आणि जीप आपली धडधडत उभी. मी ओरडायचो, "अरे, डिझेल काय विहिरीतनं काढतोस काय?" तर म्हणायचा, "मिस्त्री, बंद केली की रुसते ती." वेडा होता. पण त्याचा वेडेपणा कुठून आलाय ते मला ठाऊक होतं.

कुडपणला आता रस्ता आहे, पण नाथूची वाडी त्याच्याही वर. तिथे जायला लाल मातीची चढाची वाट, आणि मधे एक ओढा आडवा. ओढ्यावर फरशीचा बुटका पूल आहे, तो पावसाळाभर पाण्याखाली. बाळंतीण असो, विंचू चावलेला असो, गणपतीला मुंबईहून आलेली माणसं असोत, सगळ्यांना त्या पाण्यातून अल्याड-पल्याड करायचं काम नाथूचं. दुसरा कोणी त्या वाटेला गाडी घालायचा नाही. गाडीचा सायलेन्सर पाण्यात बुडाला की घाबरून इंजिन बंद करायचं नसतं. इंजिन चालू आहे तोवर धूर पाण्याला बाहेर ढकलत राहतो. बंद केलं, की पाणी आत शिरलंच. नाथूची सगळी विद्या म्हणजे एवढीच, आणि तिच्यावर त्याने किती जीव पल्याड नेले याला गणती नाही.

हृतिक हा त्याचा एकुलता एक. त्याला नाथूने गाडी शिकवली तीही ओढ्यातच. मैदानात शिकवावी, तर ते नाही! पाणी पायाशी आलं तसा पोरगा बावरला आणि त्याचा हात किल्लीकडे गेला. नाथूने फाडकन हातावर मारलं. "किल्लीला हात लावशील तर बघ. काय पण झालं तरी इंजन चालू ठेवायचं. काय पण!" मी मागच्या सीटवर जीव मुठीत धरून बसलो होतो. पोराने गाडी पल्याड काढली आणि बापाकडे बघून असा हसला, की माझाही राग गेला.

पुढे कुडपणला गाड्यांचे शौकीन यायला लागले. या लोकांची मला मोठी गंमत वाटते. एवढी महागाची गाडी घ्यायची आणि ती मुद्दाम चिखलात नेऊन रुतवायची. रुतली की हृतिक बापाची खटारा जीप घेऊन जायचा आणि दोर लावून त्यांना ओढून काढायचा. त्यातल्या पुण्याच्या काही जणांना पोरगा आवडला. थंडीत ते हिमाचलकडे जायचे, बर्फातल्या डोंगरवाटांवर गिऱ्हाइकांना गाड्या चालवायला न्यायचे. मदतीच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून त्यांनी हृतिकला आणि कापडे गावच्या राजेशला नेलं.

सगुणाबाई, म्हणजे नाथूची बायको, जाऊ नको म्हणत होती. तिचं कोण ऐकतंय? पहिल्या वर्षी पोरगा धडधाकट परत आला. गॅरेजमध्ये बसून त्याने आम्हाला मोबाईलवर सगळं दाखवलं. पांढऱ्यावर पांढरं, चाकांना साखळ्या बांधलेल्या, आणि हा खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे बघत गाडी उतरवतोय. सगुणाबाईने विचारलं, "खाली रस्ता हाय, ह्ये कळतं कसं रे तुला?" हृतिकच्या आधी नाथूच बोलला. "चिखल काय नि बर्फ काय, घसरतं ते घसरतं. आपल्या वाटेला जो टिकला तो कुठं पण टिकतो." छाती अशी फुगली होती की शर्टाचं बटण तुटेल. मीही मान डोलावली. आम्हा तिघांपैकी कोणी जन्मात बर्फ पाहिला नव्हता.

दुसऱ्या वर्षी हृतिक गेला, आणि अँब्युलन्समधून परत आला.

अंगणात सगळी वाडी जमली होती. राजेशने रडत रडत सांगितलं. अचानक जोराचा बर्फ सुरू झाला, गाड्या अडकल्या. गिऱ्हाइकांना घेऊन बाकीचे चालत खालच्या गावात गेले. गाडी टाकून कसं यायचं म्हणून हृतिक गाडीतच थांबला. इंजिन चालू, हिटर चालू, काचा बंद. मागे बर्फ साचत गेला आणि सायलेन्सरचं तोंड बुजलं. पाण्याला धूर ढकलतो, बर्फाला नाही ढकलत. धूर उलटा आत कोंडला. सकाळी लोक पोचले तेव्हा पोरगा सीटवर मान टाकून झोपल्यासारखा होता. अंगणात उतरवला तेव्हाही मुडदा गोरापान, गाल लाल. मला तर वाटलं हाक मारली तर उठेल.

त्यानंतर त्या घरात बोलणंच संपलं. नाथू ओटीवर, सगुणाबाई मागच्या पडवीत. ती ताट वाढून ठेवायची, तो जेवून उठायचा. वाडीतल्या बायका म्हणायला लागल्या, पोर गेल्यावर दोघांचं बिनसलं.

एक दिवस नाथू गॅरेजवर आला. चहा नको म्हणाला. जुन्या टायरवर बसून राहिला.

"मिस्त्री, मी शिकवलं म्हणून मेला तो."

"गप रे."

"ओढ्यात मी त्याच्या हातावर मारलं. तू हुतास की. किल्लीला हात लावायचा नाय. नायच लावलान त्यानं." मग माझा हात धरून म्हणाला, "हिला सांगू नको. हिला कळलं तर ही माझ्या तोंडाकडं बघायची नाय."

मी त्याला नाही नाही ते बोललो. मूर्ख म्हणालो, गाढव म्हणालो. दुसरं काय म्हणणार? आतून मलाही तेच वाटत होतं.

पुढच्या बाजाराला सगुणाबाई आली. डोक्यावरची पाटी खाली न ठेवताच उभी राहिली.

"भावोजी, त्या दिवशी दुपारी त्याचा फोन आलावता. आई, लय थंडी हाय, म्हणाला. मी म्हटलं, काचा गच लाव, हिटर लावून बस, अजाबात बाहेर पडू नको." तिने एका हाताने पाटी सावरली. "ह्यांना सांगू नका. ह्यांचा पोरगा मी मारला, ह्ये कळलं तर ह्ये मला घरात ठेवतील काय?"

दोघांनी माझ्या तोंडाला कुलूप घातलं. मी मुळात तोंडाळ माणूस. आठवडाभर माझ्या हातून एक काम धड झालं नाही. एका गाडीचं ऑइल काढलं आणि भरायचं विसरलो. शेवटी माझाच मला संताप आला. तो समजतो ती त्याच्यावर रागावली आहे, ती समजते तो तिच्यावर. एका घरात दोन माणसं जिवंतपणी मरत होती, आणि मी वचन पाळत बसलो होतो!

मी वर गेलो. नाथूला हाताला धरून पडवीत आणलं, सगुणाबाईसमोर बसवलं आणि दोघांचं दोघांना सांगून टाकलं. वाटलं होतं, रडतील, मोकळी होतील.

सगुणाबाई आधी बोलली. "तुमी शिकवलंत म्हणून नाय. त्याला थंडी वाजत हुती. मी सांगितलं म्हणून हिटर लावलान."

"अगो, हिटर नसता तरी इंजन चालूच ठेवलं असतंन. गाडीतलं तो माझंच ऐकायचा."

"नाय."

"ल्हानपणापास्नं माझंच..."

"नाय म्हणते ना!"

दोघं भांडायला लागली. इतक्या महिन्यांनी एकमेकांशी बोलली ती यावरून, की पोराला कोणी मारलं. आणि दोघंही 'मी, मी' म्हणत होती. मी मधे पडायला गेलो तर नाथू माझ्यावरच खेकसला. मी बाजूला सरकलो.

सगुणाबाईचा आवाज एकदम बारीक झाला. "तुमचं त्यानं जल्मभर ऐकलंन. गाडी तुमची, वाट तुमची, पोरगा तुमच्याच मागनं फिरला. माझं कधी काय ऐकलंन? जाऊ नको म्हटलं, तरी गेला. आख्ख्या जल्मात ह्ये एकच ऐकलंन. तेवढं तरी माझं राहू द्या."

नाथू तिच्याजवळ सरकून बसला.

"बरं," तो म्हणाला. "तुझंच ऐकलंन."