रासबेरीचा रिपोर्ट

गल्लीत त्याला सगळे काचवाला म्हणत. चौतीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्यांवरचं रक्त बघण्यात गेली, आणि एकाही रोग्याला त्यानं तोंडानं काही सांगितलं नाही. लिहायचं, सही ठोकायची, पुढे सरकवायचं. सांगणं डॉक्टरचं काम. नोकरीत ठीक आहे हो, पण या गृहस्थानं ती शिस्त घरीही आणली.

निवृत्तीनंतर शेजारीपाजारी त्याच्याकडे बागेतली रासबेरी आणत. दाणे पांढरे पडलेत? उन्हानं भाजलंय. फळं मिठाच्या पाण्यात टाकल्यावर अळ्या वर आल्या? माशीचा उद्योग. तेही चिठ्ठीवर लिहून द्यायचा!

घरच्या आठ झुडपांची चिठ्ठी मात्र त्यानं लिहिली नव्हती. झुडपं बायकोची. सलग तिसऱ्या वर्षी फळ तोडताच बोटांत त्याचा चुरा होत होता, पानांवर पिवळट ठिपके होते.

बायको खिडकीशी खाटेवर पडून असे. त्यानं आणलेल्या वाटीतला चुरा तिनं बघितला. "काय झालंय हो याला?"

"मधमाश्या कमी आल्या यंदा. फळ नीट धरलं नाही."

"कमी? फुलं नुसती घोंघावत होती. दिवसभर दुसरं काय बघते मी इथून?" तिला धाप लागली. "तुमच्या जुन्या प्रयोगशाळेत नेऊन माझं रक्त तपासलंत तेव्हाही हेच. म्हणे अशक्तपणा! दोन महिने लोहाच्या गोळ्या गिळत बसले. लेकीला तर अजून पत्ता नाही. दुपारी ती फुटवे न्यायला येतेय. द्यायचे की नाही, बोला!"

त्यानं वाटीतला चुरा बोटानं चाळवला. मग म्हणाला, "विषाणू आहे. फुटवा दिला म्हणजे रोगच दिला. आठही उपटायला हवीत."

"मग उपटा. आणि तिला तुम्ही सांगा. दोन्ही गोष्टी. चिठ्ठी चालायची नाही."

लेक रिकाम्या कुंड्या घेऊन आली तेव्हा पाच झुडपं आडवी झाली होती. त्यानं विषाणूचं सांगितलं.

"हात्तिच्या! जाऊ द्या बाबा. आई हिंडूफिरू लागली की नवी लावेल."

"ती बरी होणार नाही. रक्ताचा कॅन्सर आहे. मी पहिल्याच दिवशी बघितला होता."

"पहिल्याच दिवशी?"

"हो."

तिनं कुंड्या तिथेच टाकल्या आणि त्याच्याकडे न बघता आईपाशी गेली. दार आतून लागलं. तो कुदळ धरून उभा राहिला. अजून तीन झुडपं होती.