उलट बाजूचा डाग

रेडिओलॉजी शिकायला लागले तेव्हा मेंदूचा स्कॅन मला आडव्या कापलेल्या फ्लॉवरसारखा दिसायचा. एकदा त्यात एक पांढरा डाग सापडला.

"मॅडम, उजव्या बाजूला स्ट्रोक आहे," मी म्हणाले.

"डाव्या," मॅडम हसल्या. "चित्रात बाजू उलट दिसतात. पेशंट आपल्यासमोर आहे असं समजून बघायचं. जा, भेटून ये त्यांना."

वॉर्डात एक काकू पडून होत्या. मेंदूची डावी बाजू उजवं अंग आणि बोलणं सांभाळते; त्यांचा उजवा हात निर्जीव होता. मी त्यांना नाव विचारलं. ओठ हलले, पण शब्द फुटेना. डोळे भरून आले आणि डाव्या हाताने त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

परत येऊन स्कॅन पुन्हा उघडला. डाग तेवढाच होता. पण आता तिथे एका बाईचं नाव अडकलेलं मला दिसत होतं.