रांगेच्या उजव्या बाजूने

एप्रिलमधल्या एका मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चारा डेपोच्या फाट्यापाशी पाण्याचा भरलेला टँकर आणि एक रिकामा ट्रक समोरासमोर धडकले. कोणी दगावले नाही. ट्रकच्या चालकाचे डावे मनगट मोडले. टँकरची तोटी तुटली आणि दहा मिनिटांत सगळे पाणी रस्त्यावर गेले. लातूर जिल्हा होऊन तो दुसरा उन्हाळा होता आणि त्या वर्षी दुष्काळ होता. मी नांदेडच्या एका दैनिकात बातमीदार होतो. टँकरच्या फेऱ्यांवर लिहायचे म्हणून मी त्या टँकरच्या केबिनमध्ये, चालकाच्या डाव्या हाताला बसलो होतो.

फाटा उजवीकडे होता. आत अर्ध्या कोसावर सरकारी चारा डेपो, आणि त्याच्या पुढे आम्हाला जायचे ते गाव. कडब्याचे ट्रक फाट्यावर वळण्यासाठी रस्त्याच्या डाव्या कडेला उभे राहत. त्या दिवशी रांग मागे ओढ्याच्या पुलापर्यंत आली होती. मी सव्वीस ट्रक मोजले.

या रांगेचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. इंजिन बंद करायचे. मागच्या चाकाला दगड लावायचा. पुढच्या गाडीची मागची चाके रस्त्याला टेकलेली दिसतील एवढे अंतर ठेवायचे. हॉर्न वाजवायचा नाही. आणि पाण्याने भरलेला टँकर आला तर त्याला पुढे जाऊ द्यायचे. याला ‘भरल्याला वाट’ म्हणत. टँकर रांगेच्या उजव्या बाजूने, म्हणजे समोरून येणाऱ्यांच्या बाजूने, पुढे जाई. त्यालाही एक अट होती. टँकरवाल्याने आधी पुढच्या ट्रकवाल्याला विचारायचे. कडबा इतका उंच रचलेला असे की मागच्याला पुढचे काही दिसत नसे. पुढचा बघून सांगेल तेच खरे.

आमचा चालक पन्नाशीचा होता, अर्धापूरकडचा. दुष्काळाआधी केळीचे ट्रक चालवायचा. टँकर सावकाश रांगेशेजारी आला तेव्हा सावलीत बसलेल्या ट्रकवाल्यांपैकी एकाने हाक मारली.

“काय मामा, पाणी घेऊन जावयाकडं चालले का?”

“जावई न्हाई रे बाबा. सासू वाट बघून राहिली. घागर घेऊन उभी हाय.”

“मग जावा. आमच्यामुळं सासूचा मार नका खाऊ.”

रांगेच्या मध्यावर रस्त्याला वळण होते. तिथे चालकाने टँकर थांबवला. शेजारी, जरा पुढे, कडब्याचा ट्रक होता. त्याचे इंजिन चालू होते, कारण रांग नुकतीच पुढे सरकली होती. आमचेही चालूच होते. चालकाने डोके बाहेर काढून विचारले, “दादा, मोकळं हाय का पुढं? जाऊ का?”

ट्रकवाल्याने खिडकीतून मान काढली, पुढे पाहिले आणि मागे वळून ओरडला. तो उदगीरच्या पलीकडचा होता आणि कन्नडमध्ये ओरडला. मी ‘होग’ एवढे ऐकले. चालकानेही तेवढेच ऐकले.

“जा म्हणून राहिला,” तो मला म्हणाला आणि त्याने गिअर टाकला.

वळण संपण्याच्या आत रिकामा ट्रक समोर होता. तो फाट्यावरून बाहेर पडून नांदेडच्या दिशेला वळला होता आणि आपल्या बाजूने बरोबर चालला होता.

हवालदार तासाभराने आला. त्याने पंचनामा केला आणि टँकरचालकाचा परवाना जमा करून घेतला. माझ्या कपाळाला खोक पडली होती. एका जीपने लातूरला जाऊन मी ती शिवून घेतली आणि पोस्टातून ट्रंककॉल लावून नांदेडला बातमी सांगितली. चार ओळींची बातमी होती. त्यातले एक वाक्य असे: ‘टँकरचालकाने रांग मोडून गाडी पुढे घातल्याने हा अपघात झाला, असे पोलिसांनी सांगितले.’ हवालदाराने तसेच सांगितले होते. मी केबिनमध्ये होतो हे बातमीत नव्हते. बातमीदाराने स्वतःला बातमीत आणायचे नाही, असा आमच्याकडे दंडक होता.

सहाव्या दिवशी चालक नांदेडच्या कचेरीत आला. त्याच्या खिशात कात्रण होते.

“साहेब, हे तुम्हीच लिवलं का?”

“हो.”

“मला वाचता येत न्हाई. पोरीनं वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं तिला.” त्याने कात्रण टेबलावर ठेवले. “तुम्ही माझ्या बाजूला बसले होते ना?”

“होतो.”

“मग मी विचारलं, ते कुठं गेलं?”

मी कात्रण उचलले. तो पुढे म्हणाला, “मालक म्हणतो, परवाना गेला तर दुसरा गडी बघतो. पोलिसांनी परवान्याच्या कागदाला हे कात्रण पण लावलं हाय. मला दुसरं काही येत न्हाई साहेब. गाडीचं टेरिंग फिरवायचंच येतं.”

परवान्यांचे कार्यालय नव्या जिल्ह्याबरोबर लातूरला आले होते. एका डाळमिलच्या गोदामावरच्या दोन खोल्यांत ते चाले. पुढच्या सोमवारी तिथे चौकशी झाली. चालक होता, कडब्याच्या ट्रकवाल्याला बोलावले होते, आणि मी स्वतःहून गेलो होतो. तिथल्या अधिकाऱ्यांनी मला विचारले, “चालकाने पुढे जाण्याआधी विचारले का?”

“विचारले.”

“उत्तर काय आले?”

“‘होग’ असे ऐकले.”

“त्याच्या पुढे काही होते?”

“मला ऐकू आले नाही. नव्हते असे मी म्हणू शकत नाही.”

चालक खाली बघत होता. अधिकारी ट्रकवाल्याकडे वळले. “तुम्ही काय म्हणालात?”

“होगब्याडा म्हणालो, साहेब. जाऊ नको. गाडी यायलती समोरनं. ह्यांनी ऐकलंच न्हाई.”

“ऐकलं की,” चालक म्हणाला. “अर्धं ऐकलं. तुमच्यात नको शेवटाला का ठेवता?”

“तुमच्यात काय पहिलं ठेवता का, मामा?”

अधिकाऱ्यांनी आवक-जावकच्या कारकुनाला बोलावले. तो उदगीरचा होता आणि त्याला दोन्ही भाषा येत. त्याला कोणी काही सांगितलेले नव्हते. खाली आवारात दोन ट्रक उभे होते. दोन्हींची इंजिने चालू करवून कारकुनाला मागच्या ट्रकमध्ये चालकाच्या जागी बसवले. कडबेवाला पुढच्या ट्रकमध्ये चढला. त्याने त्या दिवशीसारखेच डोके बाहेर काढले, मागे वळला आणि ओरडला. डाळमिलचे हमाल काम थांबवून बघत होते.

कारकून आणि कडबेवाला वर आले. अधिकाऱ्यांनी कारकुनाला विचारले, “काय ऐकलं?”

“जा म्हणाले, साहेब,” कारकून म्हणाला. “कुठं जायचंय?”

हमालांपैकी कोणीतरी खालून विचारले, “झालं का नाटक?” कडबेवाला हसला. चालक हसला नाही.

अधिकाऱ्यांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि त्या वाचून दाखवल्या. चालकाने विचारून गाडी पुढे नेली, उत्तर अर्धवट ऐकले गेले. वळणावर रस्ता स्वतः न बघता पुढे गेल्याबद्दल ताकीद, परवाना परत. कडबेवाल्याने विचारले, “मग आमी काय वरडायचं?” अधिकारी म्हणाले, “ओरडू नका. हात आडवा धरा.”

मी नांदेडला परत आल्यावर चूकदुरुस्ती लिहून दिली. तिच्यात ‘विचारून’ हा शब्द होता आणि आमचा बातमीदार टँकरमध्ये होता, हेही होते. त्याच आठवड्यात ती चौथ्या पानावर तीन ओळींत छापून आली.

मे महिन्यात मी त्या फाट्यावरून पुन्हा गेलो. रांग आता पुलापर्यंत येत नव्हती. तोच टँकर नवी तोटी लावून वळणावर उभा होता. इंजिन बंद होते आणि मागच्या चाकाला दगड लावलेला होता. आमचा तोच चालक केबिनमध्ये नव्हता. तो रांगेच्या कडेने पायी वळणाच्या टोकापर्यंत गेला, दोन्हीकडे बघून परत आला, दगड काढला आणि टँकर पुढे नेला.