अनुमोदक म्हणून माझं नाव

आमच्या नगरपंचायतीच्या सभेत मी चार वर्षं एकच काम करत आले. अनुमोदन. विषय वाचला जातो, एक सदस्य तो मांडतो तो सूचक, दुसरा त्याला दुजोरा देतो तो अनुमोदक, आणि मग अध्यक्ष म्हणतात, "सर्वानुमते मंजूर. पुढं." माझी खुर्ची सभेचं कामकाज लिहिणाऱ्या बाबूच्या टेबलाला लागून होती. मी मान हलवली की तो माझं नाव लिहायचा. पुढं पुढं मान हलवायचीही गरज राहिली नाही. पथदिवे, नालीवरची झाकणं, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत नाटकाला मैदान, मोकाट कुत्रे, सगळ्याला माझं अनुमोदन. चहा आणि आलुबोंडे यायच्या आत निम्मे विषय संपलेले असत.

लोकांचा समज असा की बाई आरक्षणातून आली, घरचे सांगतात तिथं मान हलवते. तो समज मी कधी खोडला नाही. ज्याला अक्कल नाही असं लोक धरून चालतात त्याला कुणी जाब विचारत नाही. मला ते सोयीचं होतं, आणि मी त्याचा पुरेपूर वापर केला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना कुणाला माझी कीव येऊ नये.

एका सभेत विषय आला, बसस्टँडच्या रस्त्यावर बसणाऱ्या भाजी-फळवाल्या बायांना नव्या ओट्यांवर हलवण्याचा. हे ओटे पाण्याच्या टाकीच्या मागं बांधले होते. तिकडं जायला रस्ता आहे, पण जायला कारण नाही. एसटीतून उतरणारा माणूस तिकडं वळत नाही, शाळेतून येणाऱ्या पोरीही वळत नाहीत. हे सभेतल्या प्रत्येकाला माहीत होतं. सूचक मिळाला. बाबूनं सवयीनं माझं नाव लिहायला घेतलं, पण त्या दिवशी मी थांबले नाही. मोठ्यानं म्हटलं, "अनुमोदन." बाबूनं वर पाहिलं. त्याला माझा आवाजही नवीन होता.

कारण असं. त्या बाया जिथं बसत, त्यांच्या पाठीशी आमचं दुकान आहे, मोटारसायकलच्या सामानाचं. वरठीच्या कारखान्यात ड्युटीला जाणारी पोरं जाता-येता चेन, प्लग, ब्रेकची वायर घेऊन जातात. पण टोपल्यांमुळं गाडी दुकानापर्यंत येत नसे. पायाखाली शिंगाड्यांची टरफलं, भाजीवर मारलेल्या पाण्याचा चिखल. पोरं पलीकडच्या नव्या दुकानाकडं वळू लागली होती. यजमान घरी कुरकुर करत, पण ती उन्हाबद्दल करावी तशी. त्यांनी मला कधी काही कर म्हणून सांगितलं नाही. ठराव येणार आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. जे केलं ते माझं मी केलं.

त्या बायांत एक माझ्या माहेरची. सिहोऱ्याच्या पलीकडं आमचं गाव, आणि गावाला लागून तलाव. त्या तलावाच्या पाण्यावर आमचं धान पिकायचं, आणि त्याच तलावात तिच्या घरचे शिंगाडे लावायचे. लहानपणी मीही तिच्यासोबत गळ्याएवढ्या पाण्यात उतरून शिंगाडे तोडले आहेत. माझा तो खेळ होता, तिचं ते काम होतं. ती माझ्याआधी या गावात सून होऊन आली. थंडीत उकडलेले शिंगाडे, मग पोपटीच्या म्हणजे वालाच्या शेंगा, उन्हाळ्यात टेंभरं म्हणजे तेंदूची फळं, असं तिचं वर्ष त्या रस्त्यावर जायचं. मी निवडणुकीला उभी राहिले तेव्हा ती दारोदार फिरली. "आमच्या गावची पोरगी होय, इलेच द्या," असं म्हणत. तिच्या मोहल्ल्यात मला मतं पडली ती तिच्यामुळं.

ठरावानंतर थोड्याच दिवसांत नगरपंचायतीचा ट्रॅक्टर आला आणि रस्ता मोकळा झाला. त्याच संध्याकाळी ती माझ्या घरी आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"काय व, ठराव तुमीच केला म्हनते लोकं."

"सगळ्यांनी केला. सर्वानुमते झाला."

"मंग तूई होती ना तथी?"

"होती."

"मंग बोलली काहून नाई?"

माझ्या तोंडून निघालं, "माह्यं कोन आयकते तिथं?"

तिचा चेहरा एकदम मऊ झाला. "तेई खरंच आहे माय. तुले कोन इचारते बिचारीले. जाऊ दे, मनाले नोको लावू." उलट तिनंच माझी समजूत काढली आणि ती गेली. मी अनेक गोष्टी विसरेन, ते "बिचारीले" विसरणार नाही.

ओट्यांवर ती काही दिवस बसली. शिंगाडे गार व्हायचे, बकऱ्या येऊन टोपलीत तोंड घालायच्या, गिऱ्हाईक नाही. मग तिनं टोपली डोक्यावर घेऊन गल्लीगल्ली फिरायला सुरुवात केली. तिचा एक गुडघा दुखरा, चाल लंगडी. दुपारी गल्ल्यावर मी बसते, तेव्हा ती समोरून जाताना दिसायची. आता दुकानासमोर मोटारसायकलींची रांग लागत होती. यजमान म्हणाले, "आता कसं मोकळं मोकळं वाटून राहिलं." मी त्या मोकळ्या जागेकडं बघत बसत होते आणि गिऱ्हाइकाला चुकीचा प्लग देत होते.

पुढची सभा आली. प्रत्येक सभेचा पहिला विषय ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ते कुणी वाचत नाही. बाबू विचारतो, "वाचलं समजावं का?" आणि सगळे म्हणतात, "समजा." मागच्या सभेत काय झालं हे दुरुस्त करायची जागा तेवढीच. एकदा कायम झालं की झालं.

"वाचलं समजावं का?"

मी म्हटलं, "समजू नका. वाचा."

कुणीतरी खुर्ची सरकवली. मागून आवाज आला, "म्याडमची तब्येत बरी हाये ना?" दुसरा म्हणाला, "भूक लागली असन जी, आलुबोंडे बोलवा अगोदर." हशा झाला. अध्यक्षही हसले. बाबू वाचायला लागला, आधी हळू, मग आणखी हळू. बायांच्या विषयावर आला तेव्हा मी उभी राहिले.

"इथं अनुमोदक म्हणून माझं नाव आहे. त्याच्यापुढं लिहा की या ठरावात माझा स्वतःचा फायदा होता. त्या बायांच्या मागं जे दुकान आहे ते माझ्या नावावर आहे. मी त्या विषयात भाग घ्यायला नको होता. मी घेतला, आणि समजून-उमजून घेतला."

अध्यक्षांचं हसू अर्धं राहिलं. "ताई, तुमाले कोनी शिकवलं हे?"

"कुणी नाही."

"भाऊजींले माहीत आहे का, तुमी असं बोलून राहिल्या म्हून?"

"त्यांचा संबंध नाही. सदस्य मी आहे, दुकान माझ्या नावावर आहे."

बाईच्या नावानं कर्ज काढलं की व्याजात थोडी सूट मिळते, म्हणून ते माझ्या नावावर घेतलं होतं. तोवर मीही त्याला माझं दुकान म्हटलं नव्हतं.

मुख्याधिकारी तरुण आहेत, पुण्याकडचे. नेहमी हळू आणि नीट बोलतात. ते पुढं वाकून म्हणाले, "मॅडम, हे इतिवृत्तात आलं तर तुमच्या सदस्यत्वावर येऊ शकतं. तुम्ही बोललात, आम्ही ऐकलं. लिहायलाच पाहिजे असं नाही."

"लिहा."

"थोडा विचार करून सांगा."

"विचार करूनच आले. लिहा."

बाबूनं अध्यक्षांकडं पाहिलं, मुख्याधिकाऱ्यांकडं पाहिलं, आणि लिहिलं. मग मी मागणी केली की तो ठरावच रद्द करा. मुख्याधिकाऱ्यांनी नियम सांगितला, इतक्या लवकर ठराव फिरवायचा तर निम्म्याहून जास्त सदस्य पाहिजेत. अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं. एक माझा. एक समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्या सदस्याचा, पण ते तर चहा मागवण्यालाही विरोध करतात, त्यांचा हात धरू नये. तिसरा एक हात अर्धा वर आला आणि केस खाजवून खाली गेला.

"नामंजूर. पुढं."

पुढं म्हणजे स्मशानभूमीच्या कुंपणाचा विषय होता. त्याला दुसऱ्या कुणीतरी अनुमोदन दिलं.

मी घरी पोचायच्या आत यजमानांना फोन गेला होता. ते पलंगावर बसले होते, पंखाही लावला नव्हता.

"कायले केलं हे?"

"खरं होतं म्हणून."

"म्या तुले कधी म्हटलं होतं का, ठराव कर म्हून?"

"नाही. तेच सांगितलं मी तिथं."

"मंग माह्यं तोंड काहून काळं केलं? लोकं हेच म्हनतीन, नवऱ्यानंच करून घेतलं आन् आता बायकोले पुढं केलं."

"लोकांना सांगा, आमची बायको स्वतःच्या डोक्यानंही लबाडी करू शकते."

त्यांनी उठून पंखा लावला. त्यांच्यावर अन्याय झाला, हे मला मान्य आहे. त्यांचा काही दोष नव्हता आणि बोलणं त्यांना खावं लागलं. पण त्यांना वाचवायला मी पुन्हा बिचारी होणार नव्हते.

सभेत मी हरले होते. रस्ता नगरपंचायतीचा, ठराव नगरपंचायतीचा. मग माझ्या हातात काय आहे याचा मी विचार करू लागले. दुकानाच्या शटरपासून नालीपर्यंत सिमेंटचा एक पट्टा आहे. बांधकामाच्या वेळी आपल्याच जागेतून तो मोकळा सोडावा लागला होता. तो रस्ता नाही. तो माझा आहे.

मी तिच्या घरी गेले. ती शेंगा निवडत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "माह्यं कोन आयकते म्हटलं ना, ते खोटं होतं. ठरावाला दुजोरा मीच दिला. दुकानासाठी दिला."

तिचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

"तवा काहून नाई सांगितलं? म्या तं तुह्यापायी त्या अध्यक्षाच्या दारात जाऊन शिव्या देऊन आली. गरीब बाईले दाबता म्हून."

मला हसू आलं आणि ते येऊ नये म्हणून मी ओठ आवळले. तिनं ते पाहिलं.

"हास, हास. तुले काय होते."

मी म्हटलं, उद्यापासून दुकानाच्या समोर बस, शटरजवळ, ती जागा माझी आहे, कुणी उठवू शकत नाही.

"आज बस म्हनतेस, उद्या उठ म्हनशीन."

"नाही म्हणणार."

"तुह्या दारात बसाची मले काई हौस नाई, समजलं का. पन गिऱ्हाईक तथीच येते, म्हून येतो मी."

दुसऱ्या दिवशी ती आली, सोबत आणखी काही जणी. पट्टा लहान, सगळ्या मावल्या नाहीत. ज्या मावल्या नाहीत त्या अजून टाकीच्या मागं बसतात, आणि त्यांतली एक मला पाहून तोंड फिरवते. तिचं बरोबर आहे.

दुपारी नगरपंचायतीची गाडी आली. त्यातला माणूस खाली उतरला नाही. "म्याडम, उठवाचा आदेश हाये."

"रस्त्यावरून उठवायचा. हा रस्ता नाही. टेप आणा, मोजा."

त्यानं माझ्या खांद्यावरून आत गल्ल्याकडं पाहिलं. तिथं यजमान होते. पुरुषानं काही सांगावं अशी त्याची अपेक्षा असणार. यजमान उठले, दारात ठेवलेला टायरचा स्टँड ओढत आत घेतला, म्हणजे आणखी एका टोपलीची जागा झाली. माझ्याकडं पाहिलं नाही, त्या माणसाकडंही नाही. गाडी निघून गेली. ती उद्या परत येईल हे आम्हा सगळ्यांना कळलं होतं, आणि आलीही, बरेचदा.

दरम्यान एका सदस्यानं माझ्याविरुद्ध कलेक्टरकडं तक्रार केली आहे. मला अपात्र ठरवा म्हणून. पुरावा शोधायची गरज पडली नाही, माझंच बोलणं लिहिलेलं आहे. वकील भंडाऱ्याचे, भले गृहस्थ. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "बाई, सोपं आहे. तुम्हाला कामकाजाची कल्पना नव्हती, गडबडीत नाव लागलं, असं उत्तर देऊ. महिला सदस्य आहात, मान्य होऊन जाते."

"मला सगळी कल्पना होती."

"ते मला सांगून राहिल्या, ठीक आहे. तिथं नका सांगू."

"तिथंच सांगणार. हे एक वाक्य सोडून तुम्ही काहीही लिहा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग सदस्यत्व जाईल."

"जाऊ द्या. पण तुमच्या हातात असेल तर एवढं करा. पुढची तारीख जरा लांबची मागा, शेंगांचा हंगाम उलटल्यावरची. जागा माझी आहे, पण मी सदस्य आहे तोवर गाडीवाले जरा दबकून असतात. या बायांचं हे साल निघालं पाहिजे."

 त्यांनी विचारलं, "शेंगा कधीपर्यंत चालतात तुमच्याकडं?"

"होळीपर्यंत."

त्यांनी पेन उचललं आणि तारखेचा अर्ज लिहायला घेतला.